ओठांची पेन्सिल : लावावी की लावू नये?

सोनई परिसरातल्या एका गावातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. तुळशीचे लग्न लागले की पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलीचे लग्न आहे. मुलीचे ओठ जरा काळसर आहेत. पार्लरच्या ताईंनी सांगितले आहे की भडक लिपस्टिक थोपायची नाही, लिप लायनरच्या पेन्सिलीने ओठांना हलकी कड काढू, आत तोच रंग बोटाने पसरवू, म्हणजे ओठ नाजूक दिसतील आणि काही लावले आहे असे वाटणारही नाही. आईचे प्रश्न दोन आहेत. या पेन्सिलीने ओठ आणखी काळे पडतील का? आणि ओठ मुळातूनच गुलाबी करणारे एखादे चांगले क्रीम आहे का?

आरोग्याच्या सदरात लिप लायनर कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांनी एक लक्षात घ्यावे. रुग्ण समोरच्या स्टुलावर बसला की नाडी धरण्याआधी डॉक्टरची नजर त्याच्या ओठांवर जाते. ओठ पांढरे आहेत की निळसर, कोरडे आहेत की कोपऱ्यात चिरलेले, यावरून निम्मी हकीगत कळते. तेव्हा ओठांवर काय लावले जाते हा आमचाही विषय आहे. शिवाय नवरीच्या मेकअपच्या नावाखाली अलीकडे जे काही दवाखान्यात येऊ लागले आहे, ते पाहता हा विषय घेणे भागच होते.

आधी पेन्सिलीबद्दल. आपल्या आज्या कुंकू लावताना कपाळावर आधी मेण लावत. करंड्याच्या एका कप्प्यात मेण असे, त्यावर कुंकू कोरायचे. मेण नसेल तर घामाने कुंकू नाकावर उतरे. लिप लायनर नेमके हेच काम ओठांवर करते. लिपस्टिक म्हणजे मेण, तेल आणि रंग. त्यातले तेल पुष्कळदा एरंडेलच असते, तेच एरंडेल जे लहानपणी आपल्याला नाक दाबून पाजले जाई. पेन्सिलीत मेण आणि रंग जास्त, तेल कमी. म्हणून ती कडक असते आणि म्हणूनच तिची रेघ पसरत नाही, आतल्या लिपस्टिकलाही बाहेर पडू देत नाही. यात काही जादू नाही आणि घाबरण्यासारखेही काही नाही. मात्र तेल कमी असल्यामुळे ती ओठ सुकवते, हे खरे.

ओठ तसेही लवकर सुकतात. त्यांच्या त्वचेला घामाच्या ग्रंथी नाहीत, केस नाहीत, तेलाच्या ग्रंथीही जवळजवळ नाहीत. त्वचा अगदी पातळ, म्हणून तर खालचे रक्त लाल दिसते. आपल्याकडे दिवाळीनंतर बोचरे वारे सुटले की ऊसतोडीच्या बायकांचे आणि शाळेच्या पोरांचे ओठ सारखेच फुटतात. मग पोरे जिभेने ओठ चाटतात. थुंकी वाळताना ओठातला असलेला ओलावाही घेऊन जाते, तिच्यातले पाचक रस कातडीला झोंबतात, आणि चाटून चाटून ओठांभोवती तपकिरी कडे तयार होते. मुली मग ते झाकायला पेन्सिल मागतात. त्यांना पेन्सिलीआधी साधे व्हॅसलीन हवे असते. घरचे साजूक तूपही चालते.

पेन्सिलीने ओठ काळे पडतात का, याचे उत्तर बहुतेकींच्या बाबतीत नाही असेच आहे. काही जणींना मात्र तिच्यातल्या रंगाची, सुगंधाची किंवा मेणाची ॲलर्जी येते. आधी खाज सुटते, मग पापुद्रे निघतात, आणि हे दुखणे महिनोन्‌महिने चालू राहिले की कातडी त्या जागी काळा रंग सोडून जाते. नवी पेन्सिल किंवा लिपस्टिक आणली की ती आठवडाभर रोज दोनदा कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावून पाहावी. तिथे लाली, खाज काही आले नाही तर बहुधा ओठांनाही चालेल. हळदीच्या दिवशी पहिल्यांदा नवीन वस्तू तोंडाला लावणे हा शुद्ध वेडेपणा. लग्नाच्या दिवशी सुजलेल्या ओठांची नवरी मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिली आहे. इंजेक्शन देऊनही तासाभरात सूज पूर्ण उतरेल असे कोणी सांगू शकत नाही, आणि बाहेर मांडवात भटजी मुहूर्ताची घाई करत असतात.

हलका, नैसर्गिक मेकअप पाहिजे हे त्या पार्लरच्या ताईंचे म्हणणे मला मनापासून पटले. आमच्या कॉलेजच्या काळात, १९९० च्या दशकात, गडद तपकिरी कड आणि आत फिकट रंग अशी फॅशन होती. होस्टेलच्या मुली तशा नटून निघाल्या की चॉकलेट खाऊन तोंड पुसायचे राहिले आहे की काय असे वाटे. (मीही त्यातलीच एक.) आता ते गेले, बरे झाले. नाजूक दिसायचे तर पेन्सिलीचा रंग आपल्या ओठांच्या रंगाच्या जवळचा घ्यावा, फार तर एक छटा गडद. आपल्याकडच्या सावळ्या चेहऱ्यांना विटकरी, तपकिरीकडे झुकणारा गुलाबी, जांभळट असे रंग शोभतात. दुकानातला फिकट गुलाबी रंग सावळ्या ओठांवर राखाडी दिसतो. दहा मिनिटे आधी ओठांना तूप किंवा व्हॅसलीन लावून पुसून घ्यावे. पेन्सिल नुकती टोकलेली पण टोक किंचित बोथट केलेली असावी. वरच्या ओठाच्या मध्यापासून बाहेर, अशा तुटक लहान रेघा काढाव्यात. एका दमात नकाशा काढू नये. आणि महत्त्वाचे म्हणजे ती रेघ बोटाने किंवा कापसाने आतल्या बाजूला पुसून मिसळावी, म्हणजे कड दिसत नाही, फक्त ओठांचा आकार दिसतो. ओठ मोठे दिसावेत म्हणून कडेबाहेर रेघ काढायची असेल तर फोटोत बरे दिसते, समोर बसणाऱ्याला मात्र सगळे कळते.

आता दुसरा प्रश्न, आणि माझी खरी काळजी हीच आहे.

ओठ काळसर का असतात? पुष्कळदा काहीच कारण नसते. आपल्या कातडीत रंगद्रव्य जास्त आहे, तसे ते ओठांतही आहे. आईचे तसे, मावशीचे तसे, मुलीचे तसे. हा रोग नाही, त्याला औषध नाही आणि ते लागतही नाही. काही वेळा कारण ऊन असते. खालचा ओठ पुढे असल्याने त्यावर ऊन जास्त पडते, म्हणून शेतात जाताना डोक्याबरोबर तोंडही फडक्याने झाकलेले बरे. एखाद्या टूथपेस्टची ॲलर्जी असते. बी-बारा जीवनसत्त्व कमी झाले तरी ओठ, जीभ, बोटांचे सांधे काळवंडतात. आणि एक कारण आपल्याकडे घराघरात आहे, त्याचे नाव मिश्री.

मिश्री म्हणजे तव्यावर जाळलेली तंबाखू, याहून वेगळे काही नाही. दात घासायला म्हणून सुरू होते आणि मग दिवसातून चार-पाचदा बोट डबीत जाते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडे घरोघरी जाऊन तपासली होती. १९७२ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या काळी तिथल्या दर शंभर बायकांमागे चाळीसच्या आसपास मिश्री लावत होत्या. आज प्रमाण कमी झाले असेल, पण संपलेले नाही हे मी रोज पाहते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, मिश्री मात्र चुलीवर घरच्या घरीच भाजली जाते, तिच्यावर बंदी कोण घालणार? सासूबाई लावतात, त्यांचे पाहून सून लावते, आणि दुखऱ्या दाढेवर म्हणून नातीलाही कोणीतरी चिमूटभर देते. गरोदरपणी मिश्री लावणाऱ्या बाईचे मूल वजनाला कमी भरण्याचा धोका असतो. ओठाच्या आत, जिथे मिश्री राहते तिथे, कातडी पांढरट, सुरकुतलेली, जाड होते. असा डाग किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम ओठावर, हिरडीवर असेल तर ती दाखवायची असते. कॅन्सर लवकर सापडला तर बरा होतो. लिपस्टिकखाली तो दिसत नाही एवढेच मला सांगायचे आहे.

तेव्हा काळे ओठ कशामुळे हे न पाहता त्यांना गुलाबी करायला जाणे चूक आहे. आणि गुलाबी करणाऱ्या ट्यूबा बाजारात भरपूर आहेत. मढीच्या यात्रेत टिकल्या-बांगड्यांच्या दुकानात पाहा, मोबाईलवर तर विचारूच नका. अकोल्याची गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. २०२३ च्या सुरुवातीला ती वर्तमानपत्रांत आली होती. तिथली एक तरुण विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण अशा तिघी चेहरा उजळवणारे एक क्रीम लावत होत्या. क्रीम मिळाले होते ब्युटी पार्लरवालीकडून. काही महिन्यांत तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला, तोही मर्यादेच्या कित्येक पट. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातही त्याच वर्षी अशाच रुग्णांच्या बातम्या आल्या.

पारा हे काम कसे करतो ते सांगते. कातडीत काळे रंगद्रव्य तयार करणारे एक विकर असते, पारा त्याला अडवतो. त्यामुळे महिना-दीड महिन्यात कातडी खरोखर उजळते, आणि हेच घातक आहे, कारण बाईला वाटते की वस्तू गुणकारी आहे. पण तोच पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. मूत्रपिंडाची गाळणी बिघडते, लघवीतून प्रथिने वाहून जातात. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज, पायांवर सूज, लघवीला फेस अशी लक्षणे दिसतात. क्रीम लावणाऱ्या कोणाला ही लक्षणे असतील तर क्रीमची डबी घेऊन डॉक्टरकडे जावे. डबी घरी ठेवू नये, तीच खरी माहिती देते. ओठांच्या बाबतीत तर धोका आणखी वाढतो. गालाला लावलेले फक्त कातडीतून जाते, ओठाला लावलेले आपण चहाबरोबर पितो आणि भाकरीबरोबर खातो.

भारतात २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार अशा क्रीममध्ये पारा घालायला मनाई आहे. नकळत आलाच तर दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. रंगांमध्ये शिसे किती असावे यालाही मर्यादा आहे, दहा लाखांत वीस भाग. आर्सेनिकची मर्यादा दोन भाग. कायदा आहे, पण कायदा नाव-पत्ता असलेल्या वस्तूलाच लागू करता येतो. म्हणून वस्तू घेताना पाकिटावर उत्पादकाचे नाव आणि पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत पाहावी. परदेशी असेल तर आयात नोंदणी क्रमांक पाहावा. यातले काहीच नसेल आणि नुसते सुंदर बाईचे चित्र असेल तर ती वस्तू दहा रुपयांची असो की हजाराची, परत ठेवावी. मी महागच घ्या असे म्हणत नाही. १९५२ साली टाटांनी लॅक्मे सुरू केली ती मध्यमवर्गीय बायकांना परदेशी मालासाठी पैसे मोजावे लागू नयेत या हेतूनेच. आज साध्या किमतीत परवाना असलेल्या पेन्सिली आपल्या सोनईतही मिळतात.

त्या भगिनीला माझे उत्तर असे की पेन्सिल खुशाल लावा, रात्री खोबरेल तेलाने पुसून टाका. ट्यूब मात्र घेऊ नका. रात्री पुसली जाते ती वस्तू मला चालते, रक्तात उतरते ती चालत नाही.

आणि एक विचारावेसे वाटते, राग मानू नये. मुलीचे ओठ काळसर आहेत ही चिंता मुळात कोणाची? पाहण्याच्या कार्यक्रमात चहा घेता घेता नवऱ्या मुलाची आत्या हळूच विचारते, ‘मुलगी मिश्री लावते का हो?’ हे मी दोन-तीन मुलींच्या तोंडून ऐकले आहे. त्यातली एक तर इंजिनियर झालेली. ज्या घरात हा प्रश्न निघाला त्या घरातला मुलगा बाहेर गाडीत बसून मावा चोळत होता, हे त्या मुलीनेच सांगितले. मुलाच्या दातांकडे कोणी पाहत नाही. मुलीच्या ओठांवर कोडाचा एखादा ठिपका असेल तर विचारूच नका, सगळे घर तो झाकण्याच्या मागे लागते. कोड संसर्गजन्य नाही, तो लपवायचा की नाही हे त्या मुलीने ठरवायचे. तिला झाकायचा असेल तर ही पेन्सिल त्यासाठी उत्तम आहे. पण लग्नाआधी समोरच्यांना सांगून टाकावे, आणि उपचार चालू असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारून मगच पेन्सिल वापरावी.

रंगाच्या खाली काय दडते याचे एक उदाहरण देते. एक नवी सून सासूबरोबर आली, तक्रार काय तर काम होत नाही, जिना चढला की धाप लागते. सासूचे म्हणणे पोरगी आळशी आहे. पोरीचे ओठ छान तांबूस, कड रेखलेली. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर कागदासारखी पांढरी. हिमोग्लोबिन निघाले साडेसहा. निरोगी बाईचे बारा तरी हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के बायकांचे रक्त कमी भरले होते, म्हणजे निम्म्याहून जास्त. या निम्म्या बायकांचे ओठ फिके असणारच, कोपरे चिरणारच. त्यांना लोहाच्या गोळ्या हव्यात. त्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, आणि शौचाचा रंग काळा झाला म्हणून घाबरून बंद करू नये. दोन-तीन महिन्यांनी त्या सुनेच्या ओठांना आतून रंग आला. सासूबाईंनी मात्र त्याचे श्रेय बीटाच्या रसाला दिले. असो.

पार्लर चालवणाऱ्या भगिनींसाठी दोन शब्द. आपल्या भागात कितीतरी मुलींनी या धंद्यावर घर उभे केले आहे, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण लग्नसराईत एकच पेन्सिल नवरीला, करवलीला, नवरीच्या मावशीला आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नवरीला लागते. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला बारीक पाण्याचे फोड उठतात ते तुम्ही पाहिले असतील. त्यांचा विषाणू थुंकीतून आणि फोडाच्या पाण्यातून पसरतो, आणि एकदा शरीरात शिरला की जन्मभर मज्जातंतूत दबून राहतो, ताप आला, ऊन लागले, जागरण झाले की पुन्हा वर येतो. म्हणून प्रत्येक गिऱ्हाईकाआधी पेन्सिल टोकावी, टोक स्पिरिटच्या कापसाने पुसावे, टोकयंत्रही पुसावे. लिपस्टिक थेट कांडीने न लावता चमच्याने थोडी खरवडून वेगळ्या ब्रशने लावावी. ओठावर फोड असलेल्या मुलीला सरळ सांगावे की आज ओठ राहू दे, किंवा तुझी स्वतःची पेन्सिल आण. खरे तर प्रत्येक नवरीने स्वतःची पेन्सिल नेलेली सर्वांत बरी, शालूच्या खर्चापुढे ती काहीच नाही.

महिनोन्‌महिने टिकणारा रंग सुईने ओठांत भरून देण्याची टूम आता शहरातून तालुक्याच्या गावापर्यंत आली आहे. हे गोंदणच आहे, नाव नवे. सुई प्रत्येकीसाठी नवी, तिच्यासमोर पाकीट फोडलेली नसेल तर कावीळ ब आणि क, एचआयव्ही हे सगळे त्या सुईवर बसून येऊ शकतात. यात्रेत एकाच सुईने गोंदवून घेऊ नका असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो, तेच इथेही सांगावे लागते. शिवाय तो रंग आवडला नाही तर पुसता येत नाही.

शेवटी माझी एक छोटी विनंती. दवाखान्यात तपासायला येताना ओठ पुसून आणि नखे साफ करून या. ऑपरेशन असेल तर हे सक्तीचेच समजा. भूल देणारे डॉक्टर ओठांचा रंग पाहून प्राणवायू कमी पडतोय का याचा अंदाज घेतात, आणि बोटाला लावायचे यंत्र गडद नेलपॉलिशमुळे चुकीचा आकडा दाखवू शकते. सिझेरियनला नेतानाही काही मुलींच्या ओठांवर रंग असतो, कारण बाळाबरोबरचा पहिला फोटो काढायचा असतो. फोटो नंतर काढता येतो, पेन्सिल पिशवीत असू द्या.

टाचांच्या भेगांबद्दल तीन पत्रे आली आहेत. त्यांना पुढच्या आठवड्यात उत्तर देते.